पाटी म्हणते कलकत्ता, घाट दिसतो काशीचा

१८९९ मधली एक फिल्म आहे. 'गंगेवरून दिसणारे कलकत्ता' अशा अर्थाचे इंग्रजी नाव देऊन लंडनच्या वॉरविक ट्रेडिंग कंपनीने ती बाजारात आणली. कॅमेरा होडीत ठेवलेला आहे. समोरून पायऱ्या, देवळांची शिखरे आणि काठावरची माणसे सावकाश सरकत जातात. घाट ओळखायला बनारसच्या माणसाला दोन सेकंद पुरतात; कलकत्त्याशी त्या दृश्याचा काही संबंध नाही. भारतात टिपलेल्या आणि आजही शाबूत असलेल्या अगदी जुन्या चलच्चित्रांत या फिल्मची गणना होते. म्हणजे देशाचे चित्रित दफ्तर उघडले की पहिल्याच पानावर चुकीची पाटी.

जुन्या फुटेजमधून देशाचा इतिहास सांगायला बसणाऱ्याने ही पाटी कायम डोळ्यासमोर ठेवावी. डब्यावरचे लेबल, कॅटलॉगमधली ओळ आणि निवेदकाचे वाक्य हे तीन वेगवेगळ्या लोकांनी केलेले दावे असतात. पुरावा असतो तो फ्रेममध्ये. आणि फ्रेम सगळ्यात आधी एकच गोष्ट सिद्ध करते: त्या दिवशी कॅमेरा कुठे, कुणाच्या बाजूला उभा होता.

भारतापुरते बोलायचे तर ही बाजू फार एकांगी आहे. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी १९०१ मध्ये केंब्रिजहून सीनियर रँग्लर होऊन परतलेल्या र. पु. परांजपे यांच्या स्वागताचे चित्रण केले होते. भारतीयाने भारतीयासाठी टिपलेली ती बातमी आज बघायला मिळत नाही. १२ डिसेंबर १९११ च्या दिल्ली दरबाराला मात्र कॅमेऱ्यांची रांग होती. लंडनमधला चित्रपट-निर्माता चार्ल्स अर्बन याच्या चमूने तो किनेमाकलर पद्धतीने रंगीत टिपला आणि १९१२ मध्ये लंडनमध्ये दाखवला. तोही बहुतांश हरवला, पण काही भाग रशियातल्या संग्रहात सापडला. (किनेमाकलरच्या पट्टीवर रंग नसतोच. कृष्णधवल फिल्मवर एक फ्रेम लाल फिल्टरमधून आणि एक हिरव्यातून घेतलेली असते. रंग दाखवताना तयार होतो. त्यामुळे असे रीळ साध्या स्कॅनरवरून काढले तर नुसते लुकलुकणारे कृष्णधवल चित्र हाती येते आणि माणूस 'खराब प्रिंट' म्हणून बाजूला ठेवतो.)

पुढचे थरही असेच आहेत. १९२३ नंतर १६ मिमी रुंदीची फिल्म आली आणि ब्रिटिश अधिकारी, चहामळेवाले, संस्थानिक यांच्या घरगुती फिल्म सुरू झाल्या. १९३५ पासून त्यात कोडाक्रोम या कोडॅकच्या रंगीत फिल्मचा खरा रंगही आला. केंब्रिजच्या दक्षिण आशिया अभ्यास केंद्रात अशांचा चांगला संग्रह आहे. तिथे शिकार, बाग, क्लब आणि आया भरपूर दिसतील. नोकर फ्रेमच्या कडेला अर्धे कापलेले असतात आणि इतिहासकाराचे काम बहुधा त्या कडेलाच असते.

१९३० मध्ये भारतीय कंपन्यांनी दांडी यात्रा टिपली, तर मुंबई सरकारने त्या फिल्मवर बंदी घातली. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ मध्ये, सरकारने स्वतःच इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडिया (माहितीपट) आणि इंडियन न्यूज परेड (बातमीपट) सुरू केले, थिएटरमालकांना ते दाखवणे सक्तीचे केले आणि १९४६ मध्ये गुंडाळलेही. स्वतंत्र भारत सरकारचे माहितीपट खाते, फिल्म्स डिव्हिजन, उभे राहिले १९४८ मध्ये. तारखा जुळवून बघा: सत्तांतराच्या वेळी भारत सरकारकडे स्वतःचे चित्रणपथकच नव्हते. ऑगस्ट १९४७ चे जे काही आपण पुन्हा पुन्हा बघतो, ते परदेशी न्यूजरील (थिएटरात दाखवायच्या बातम्यांच्या फिल्म) कंपन्या आणि स्वतंत्रपणे काम करणाऱ्या भारतीय कॅमेरामनांच्या हातचे आहे. त्यानंतरच्या काळात फिल्म्स डिव्हिजनमुळे साठा एकदम प्रचंड होतो, पण तो धरणे, उद्घाटने आणि पाहुण्या राष्ट्रप्रमुखांचा. समारंभाला कॅमेऱ्याला आमंत्रण असते, गोळीबाराला नसते.

तारीख कशी लावायची

प्रत्येक शॉटसाठी दोन तारखा शोधाव्यात: 'याच्या आधीचा असूच शकत नाही' आणि 'याच्या नंतरचा असूच शकत नाही'. या दोन भिंतींमध्ये शॉट कोंडायचा. गडबड होते ती एका बाजूचा पुरावा दोन्ही बाजूंना लावल्याने.

झेंडा घ्या. अशोकचक्राचा तिरंगा संविधान सभेने २२ जुलै १९४७ रोजी स्वीकारला, म्हणून चक्र दिसले की शॉट त्यानंतरचा. पण चरखा दिसला म्हणून तो त्याआधीचा ठरत नाही, कारण चरख्याचा झेंडा काँग्रेस पक्षाकडे पुढेही होता. रेल्वेचेही तेच. डब्यावर 'मध्य रेल्वे' असेल तर ५ नोव्हेंबर १९५१ नंतरचे. 'जीआयपी' हे त्याआधीच्या रेल्वेचे नाव असेल तर नक्की काहीच म्हणता येत नाही, कारण रंग काही एका रात्रीत बदलला नाही. मुंबईच्या रस्त्यात ट्राम धावताना दिसली तर ३१ मार्च १९६४ किंवा त्याआधीचे. वर विजेची तार असेल तर १९०७ नंतरचे. काळा घोडा सातव्या एडवर्डला पाठीवर घेऊन जागेवर असेल तर १९६५ पर्यंतचे. इंडिया गेटमागच्या छत्रीत पंचम जॉर्ज उभा असेल तर १९६८ पर्यंतचे. लष्करी अधिकाऱ्याच्या खांद्यावर राजमुकुटाऐवजी अशोकस्तंभाचे सिंह असतील तर २६ जानेवारी १९५० नंतरचे, मात्र ते दिसायला जवळचा शॉट आणि चांगला स्कॅन लागतो. भिंतीवरचे सिनेमाचे पोस्टर सापडले तर ते सोन्यासारखे. फक्त पोस्टर जुने होऊन महिनोन्‌महिने भिंतीवर राहते, त्यामुळे तोही एकाच बाजूचा पुरावा.

आता हे सगळे एका शॉटवर लावून बघू. डब्यावर लिहिलेले असते 'लाल किल्ला, नेहरू, ध्वजारोहण, १५ ऑगस्ट १९४७'. हे लेबल इतक्या ठिकाणी असते की कुणी शंका घेत नाही. पण १५ ऑगस्ट १९४७ रोजी नेहरूंनी लाल किल्ल्यावर झेंडा फडकवला नाही. त्या संध्याकाळचा जाहीर समारंभ इंडिया गेटजवळच्या प्रिन्सेस पार्कमध्ये झाला. लाल किल्ल्यावरचा १६ तारखेला सकाळी. म्हणजे मोकळे मैदान, अफाट गर्दी आणि तिच्यात अडकलेली माउंटबॅटनची बग्गी दिसली तर १५ तारीख. तट दिसला तर १५ ऑगस्ट १९४७ बाद. मग उरते १६ ऑगस्ट १९४७ किंवा पुढच्या वर्षांतला कुठलाही १५ ऑगस्ट, आणि खरी मेहनत तिथून सुरू होते. खांद्यावरची चिन्हे बघा, ध्वनिक्षेपकांची संख्या आणि मांडणी बघा, मागे उभ्या असलेल्या मंत्र्यांपैकी त्या वर्षी मंत्री नसलेला किंवा हयात नसलेला कुणी आहे का ते बघा. एवढे करूनही नक्की होत नसेल तर पडद्यावर '१६ ऑगस्ट १९४७ किंवा त्यानंतर' एवढेच लिहा. ते अपुरे वाटते, पण चुकीचे नसते.

फिल्मची पट्टी स्वतःही बोलते, स्कॅन करताना कडेचा भाग कापून टाकला नसेल तर. कोडॅकच्या फिल्मवर कडेला वर्तुळ, चौकोन, त्रिकोण अशी चिन्हे असतात आणि त्यांचा क्रम वीस वर्षांनी पुन्हा येतो. एकाच चिन्हाचे दोन-तीन अर्थ निघतात. त्यांतला कोणता, हे चित्रातल्या खुणांवरून ठरवायचे. शिवाय हे वर्ष फिल्म कारखान्यात बनल्याचे, चित्रणाचे नव्हे. प्रतीवरून प्रत काढली की मूळ पट्टीची चिन्हेही नव्या पट्टीवर छापली जातात, त्यामुळे एकाच कडेवर दोन पिढ्यांची चिन्हे सापडू शकतात. 'नायट्रेट' (जुन्या, झटकन पेटणाऱ्या फिल्मचा प्रकार) हा शब्दसुद्धा असाच सुरक्षित फिल्मवर छापला जातो. उलटही घडते. म्हणून कडेवर 'सेफ्टी' वाचून निर्धास्त होऊ नये. १९५० च्या सुमारास किंवा त्याआधीचे ३५ मिमी रीळ हाती आले, त्यावर चिकट फोड, तपकिरी भुकटी किंवा उग्र वास असेल, तर डबा बंद करायचा आणि संग्रहालयाच्या माणसाला बोलवायचे. नायट्रेट जळताना स्वतःचा प्राणवायू स्वतः पुरवतो. पाण्याने विझत नाही. पुण्यात जानेवारी २००३ मध्ये अशाच साठ्याला आग लागून जुन्या मूळ प्रती गेल्या. ॲसिटेटला, म्हणजे 'सेफ्टी' फिल्मला, आग लागण्याची भीती तितकी नाही, पण त्याला व्हिनेगरचा वास सुटतो, पट्टी आक्रसते आणि यंत्राचे दात पट्टीच्या कडेच्या भोकांत बसेनासे होतात. अशी पट्टी साध्या प्रोजेक्टरवर चढवली तर भोके फाटत जातात. ती दातांशिवाय चालणाऱ्या स्कॅनरवरच काढायची.

वेग आणि आवाज

मूकपटांच्या काळातली माणसे तुरुतुरु पळतात, हा दोष त्या माणसांचा नाही, आपल्या एडिटिंगच्या टाइमलाइनचा आहे. सेकंदाला १६ फ्रेमने टिपलेले २४ ने चालवले की सगळे दीडपट वेगाने होते. हाताने फिरवायच्या कॅमेऱ्यात वेग एकाच शॉटमध्येही बदलतो, त्यामुळे 'मूक म्हणजे १६' हे सूत्रही आंधळेपणाने लावू नये.

मोजायची सोपी युक्ती कवायतीत आहे. शिस्तीत चालणारी पायदळाची तुकडी मिनिटाला १२० पावले टाकते, म्हणजे सेकंदाला दोन. एका पावलापासून दुसऱ्या पावलापर्यंतच्या फ्रेम मोजा, दोनाने गुणा, चित्रणाचा वेग मिळाला. आठ फ्रेम भरल्या तर १६, नऊ भरल्या तर १८. दहा-बारा पावलांची सरासरी घ्या. गुरखा आणि इतर रायफल पलटणींवरून मात्र मोजू नका, त्यांची चाल जलद असते. संथ संचलनही सोडून द्या. सैनिक नसतील तर उडी मारणारे मूल, ओतले जाणारे पाणी, वरून पडणारी फुले बघावीत. गुरुत्वाकर्षणाला साहेब आणि नेटिव्ह असा भेद नसतो.

गांधीजींच्या बाबतीत नजरेच्या अंदाजाने केलेली दुरुस्ती हमखास फसते. ते मुळातच झपझप चालत. 'हे फार जलद वाटते' म्हणून एडिटरने वेग उतरवला की दांडीच्या वाटेवरचा साठ वर्षांचा माणूस एकदम थकलेला म्हातारा होऊन जातो. त्यांच्या मागे चालणाऱ्यांची हलती धोतरे आणि उडणारी धूळ बघून वेग लावावा.

१६ चे २४ करताना प्रत्येक दुसरी फ्रेम दोनदा येते, १८ चे करताना प्रत्येक तिसरी. स्थिर शॉटमध्ये हे कळत नाही, कॅमेरा आडवा फिरला की अडखळ दिसते. ती अडखळ राहू द्यावी. मधल्या फ्रेम संगणकाकडून बनवून घेतल्या की हालचाल तेलासारखी गुळगुळीत होते, पण गर्दीतले हातपाय एकमेकांत विरघळतात, आणि त्या फ्रेममध्ये दिसते ते कधी घडलेलेच नसते. रंग चढवण्याबद्दलही हेच. कृष्णधवल पट्टीवर पागोट्याचा रंग नोंदलेला नसतो. जो दिसतो तो कुणाचा तरी अंदाज. ज्या देशात पागोट्याच्या रंगावरून माणसाचे गाव आणि पंथ ओळखतात, तिथे असा अंदाज करणे हा खेळ नव्हे.

आवाजाचे प्रकरण आणखी नाजूक. १९३० च्या आसपासचे बहुतेक चित्रण मुके आहे. घोषणा, टाळ्या, रेल्वेची शिट्टी नंतर कुणीतरी घातलेली असते आणि पुढच्या पिढीला ती मूळ वाटते. गांधीजी कॅमेऱ्यासमोर बोलताना ऐकू येतात ती फॉक्स मूव्हीटोनची १९३१ ची बोरसदची मुलाखत म्हणूनच मोलाची. पण टीव्हीसाठी २४ फ्रेमची फिल्म २५ ने चालवून केलेली प्रत घेतलीत तर सगळे चार टक्क्यांनी जलद होते आणि आवाज अर्ध्या स्वरांतराच्या जवळजवळ तीन-चतुर्थांशाइतका वर चढतो. कानाला नेमके काय खटकते ते कळत नाही, माणूस फक्त थोडा घाईत वाटतो. प्रत मिळाली की आधी लांबी मोजावी: ३५ मिमीच्या एका फुटात १६ फ्रेम, म्हणून १००० फूट रीळ २४ ने ११ मिनिटे ७ सेकंदांच्या आसपास चालले पाहिजे. १६ मिमीत फुटाला ४० फ्रेम, तेवढ्याच वेळाला ४०० फूट. फाइल १० मिनिटे ४० सेकंदांची निघाली तर ती २५ ने चालवलेली आहे.

न्यूजरीलमध्ये निवेदन आणि संगीत एकाच ध्वनिपट्टीवर मिसळलेले असते, निवेदक काढून टाकून गर्दीचा आवाज ठेवता येत नाही. मग बरेच जण तो आवाज पूर्ण बंद करून आपले निवेदन वर चढवतात. त्यापेक्षा एखादे वाक्य तसेच ऐकू द्यावे. साहेबी आवाजात सत्याग्रहींना 'दंगेखोर' म्हणणारे दहा सेकंद आपल्या दोन पानांच्या विवेचनाला भारी पडतात.

कोणत्या शॉटवर विश्वास ठेवावा

न्यूजरीलवाल्यांच्या हातातला आयमो कॅमेरा १०० फुटांची रिळे खात असे. हिशेब केला तर २४ फ्रेमने एका रिळात ६७ सेकंद भरतात. मग रीळ बदला. म्हणून खऱ्या बातमीचे शॉट तीन-चार-सहा सेकंदांचे तुटक असतात, महत्त्वाचा क्षण अनेकदा हुकलेला असतो, कुणीतरी मध्ये येतो, फोकस जातो. फार नीटस, वेगवेगळ्या कोनांतून सलग जुळणारा प्रसंग दिसला की थांबावे आणि विचारावे: कॅमेरा इथे पोहोचला कसा? हल्ला करणाऱ्यांच्या समोर, शत्रूच्या बाजूला तोंड करून कोण उभे राहील? पहिल्या महायुद्धातल्या सोमच्या लढाईवरच्या १९१६ च्या ब्रिटिश फिल्ममधला खंदकातून बाहेर पडणाऱ्या सैनिकांचा गाजलेला तुकडा असाच, मागाहून उभा केलेला. रशियन दिग्दर्शक आयझेन्स्टाइनच्या १९२८ च्या कथापटातले रशियन क्रांतीतले हिवाळी राजवाड्यावरचे आक्रमण तर १९१७ चे खरे चित्रण म्हणून कितीतरी माहितीपटांत जाऊन बसले. आपल्याकडे बंगालच्या १९४३ च्या दुष्काळावर १९४६ चा कथापट आहे. त्यातला एखादा शॉट नाव न देता आपल्या फिल्ममध्ये आला, तर वीस वर्षांनी तो दुष्काळाचे फुटेज म्हणून विकला जाईल.

शॉट उलटा छापलेला असणे ही फार नेहमीची चूक. पाटी वाचता येत असेल तर प्रश्न नाही. नसेल तर सायकलची साखळी बघा, ती स्वाराच्या उजवीकडे असते. शर्टाची बटणपट्टी बघा. पदरावरून मात्र ठरवू नका, गुजराती पद्धतीत पदर उजव्या खांद्यावरून पुढे येतो.

लॉग, म्हणजे शॉटवार नोंद, करताना एका तासाच्या फुटेजला निदान तीन-चार तास धरा. प्रत्येक शॉटपुढे संग्रहाचा क्रमांक, डब्याचा क्रमांक, आत-बाहेरचा टाइमकोड, डोळ्यांना काय दिसते, लेबल काय म्हणते, कॅमेरा कुठे आहे, आवाज मूळचा की घातलेला, दोन्ही बाजूंच्या तारखा आणि त्यांचे कारण. 'दिसते' आणि 'लेबल म्हणते' हे रकाने वेगळेच ठेवायचे. एकत्र केले की तिसऱ्या आठवड्यात लेबल जिंकते.

संग्रहाकडून मास्टर (चांगल्या दर्जाची मूळ स्कॅन-प्रत) मागवताना पूर्ण फ्रेम मागा, कडेसकट. ब्रिटिश पाथेने २०१४ मध्ये ८५,००० फिल्म यूट्यूबवर टाकल्या. शोधायला ते उत्तम, पण त्या प्रतींवरून वेग किंवा कड तपासता येत नाही. आणि ४:३ चे चित्र १६:९ मध्ये भरण्यासाठी ताणू नका, कापूही नका. कापले तर उंचीचा चौथा हिस्सा जातो. सभेच्या शॉटमध्ये तो चौथा हिस्सा म्हणजे वरचे फलक आणि खाली जमिनीवर बसलेली माणसे. कडेला काळ्या पट्ट्या आल्या तर येऊ द्या.

हक्कांचे थोडक्यात. १९५७ च्या कायद्याप्रमाणे चित्रपटाचा हक्क प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे, सरकारी असला तरी. १९६३ चे न्यूजरील १ जानेवारी २०२४ पासून मोकळे. पण मुदत प्रदर्शनापासून मोजतात, त्यामुळे कधीच न दाखवलेले रशेस (न जोडलेले कच्चे चित्रण) आणि घरगुती फिल्म जुनी आहे म्हणून मोकळी होत नाही. फिल्ममधले गाणे आणि संहिता यांचे हक्क वेगळे, कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे. आणि हक्क संपला तरी डबा ज्याच्या कपाटात आहे तो स्कॅनचे पैसे आणि करार मागणारच.

शेवटी जे टिपलेच गेले नाही त्याचे काय? साताऱ्याचे प्रतिसरकार भूमिगत होते. भूमिगत माणसे कॅमेऱ्यासमोर उभी राहत नाहीत. अशा जागी सर्रास कुठलाही मोर्चा, कुठलाही लाठीमार चिकटवला जातो. तिथे चित्र लावू नये. वॉरंट, गॅझेटमधली सूचना, सेन्सॉरचा बंदीहुकूम, जप्त पत्रकाचा फोटो असे जे हाती असेल ते पडद्यावर पूर्ण वाचून होईपर्यंत ठेवावे. मराठी मजकुराला दर दोन-अडीच शब्दांना एक सेकंद धरला तर बहुतेकांचे वाचून होते. आणि तेही नसेल तर काळा पडदा, त्यावर गावाचे नाव आणि तारीख.